दाराबाहेरचे वाद्य

प्रत्येक वाद्याला आपापली जागा असते. तंबोरा बैठकीत शोभतो, पखवाज कीर्तनकाराच्या मागे, तुतारी मिरवणुकीच्या पुढे. टाळ तर नुसते खुंटीला टांगलेले असले तरी घरचेच वाटतात. सनईची जागा मात्र दारात. धड घरात नाही आणि धड रस्त्यावरही नाही. घर जिथे संपते आणि जग जिथे सुरू होते, त्या सांध्यावर बसून ती वाजायची. लग्न मंडपात लागते, पण सनईवाले बसतात मंडपाच्या तोंडाशी. देव गाभाऱ्यात असतो, पण त्याला जागवणारी सनई महाद्वारावरच्या नगारखान्यातून ऐकू येते.

रायगडावर जाऊन आलेल्यांना आठवत असेल की, राजसभेत शिरताना नगारखान्याच्या भव्य कमानीखालून जावे लागते. पुण्याच्या शनिवारवाड्यातही दिल्ली दरवाजाच्या माथ्यावर नगारखाना आहे. राजा आत, सिंहासनावर. आणि सनईवाला वर, वाऱ्यात. त्यामुळे एक गोष्ट मात्र फार चांगली झाली. दरबारातले गाणे मानकऱ्यांनी ऐकले. नगारखान्यातली सनई मोळीविकीनेही ऐकली. आत ज्याला कधी प्रवेश मिळणार नव्हता, त्याच्या वाट्याला आलेले हे एकच दरबारी संगीत.

पण या मानाला दुसरी बाजूही आहे. ज्या वाद्यावाचून आपले शुभकार्य सुरू होत नाही, ते वाजवणाऱ्याला आपण उंबरठ्याच्या आत कितीदा बोलावले? गुरव, घडशी, न्हावी, होलार अशा निरनिराळ्या घरांकडे गावोगाव हे काम पिढ्यान् पिढ्या चालत आले. सगळ्या पंगती उठल्यावर 'अरे, वाजंत्र्यांचे राहिले की!' अशी कुणाला तरी आठवण व्हायची, हा आपल्या लग्नघरांचा जुना शिरस्ता. सूर मंगल आणि माणूस मात्र शेवटच्या पंगतीचा, हे कोडे मला लहानपणापासून सुटलेले नाही. बिस्मिल्लाखाँची सनई ऐकू लागलो तेव्हापासून तर ते अधिकच छळते.

सनई आली कुठून, याच्या कथा अनेक आहेत. सगळ्यांत लाडकी कथा अशी: इराणच्या एका शहाच्या दरबारी एक न्हावी होता. गारुड्याच्या पुंगीचा कर्कश आवाज ऐकून त्याने पोकळ लाकडाला भोके पाडली, मुखाशी पत्ती बसवली आणि शहाला गोड सूर ऐकवला. शहा प्रसन्न झाला; शहा आणि नाई यांची मिळून 'शहनाई' झाली! कथा गोड आहे, पण ती शब्दावरून मागाहून रचलेली दिसते. फार्सीत 'नाय' म्हणजे बोरू किंवा बोरूचा पावा. शहाचा पावा तो शहनाय, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. त्याहून जुना शब्द आहे 'सुरनाय'. त्यातला 'सूर' म्हणजे आपला षड्ज-पंचमाचा सूर नव्हे. फार्सीत सूर म्हणजे मेजवानी, उत्सव. तेव्हा सुरनाय म्हणजे उत्सवाचा पावा. दिवाळीच्या दिवसांत ही व्युत्पत्ती मला जास्त पटते.

या सुरनायचे गोत केवढे! तुर्कस्तानात ती झुर्ना झाली, काश्मीरच्या भांडांच्या खेळात सुरनाई झाली, मध्य आशियातून चीनमध्ये पोहोचून सुओना झाली. युरोपात तिच्याच कुळातले शॉम नावाचे वाद्य गावच्या चौकाचौकांत वाजत असे. त्याचेच पुढे दरबारी ओबो झाले. आपल्या दक्षिणेत तिचा थोरला भाऊ नादस्वरम् आजही देवळांत गर्जतो आहे. रूपे वेगळी, पण रचना एकच: निमुळते सुरू होऊन खाली रुंदावत जाणारी नळी, आणि मुखाशी पत्तीची जोडी.

म्हणून सनई 'परकी' म्हणावी काय? तेही जमत नाही. तेराव्या शतकात आपल्याच देवगिरीला, यादव सिंघणाच्या आश्रयाने, शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ लिहिला. त्यात 'मधुकरी' नावाच्या, शिंगाच्या आकाराच्या लाकडी सुषिर वाद्याचे वर्णन आहे. मधुकर म्हणजे भुंगा; त्या गुंजारवावरून हे नाव पडले असावे. पण आपल्या मराठी कानाला मधुकरी म्हटले की दुसरेच काही आठवते. झोळी घेऊन दारोदार उभा राहिलेला विद्यार्थी! सनईच्या पूर्वजाचे नाव आणि दारात उभे राहणाऱ्याच्या भिक्षेचे नाव एकच असावे, हा निव्वळ योगायोग. पण काय बोलका योगायोग!

पुढे अकबराच्या काळात अबुल फझलने 'आईन-इ-अकबरी'त बादशाही नगारखान्याची यादी दिली. त्यात सुरना आहेत. इराणी आणि हिंदुस्थानी अशा दोन्ही जातींच्या, आणि नऊ जण मिळून त्या फुंकीत. म्हणजे सोळाव्या शतकातच या मातीतली सनई आणि पाहुणी सनई एका गच्चीवर बसून एकच राग आळवीत होत्या. कुठली कुणाची, हे खाली उभे राहून ऐकणाऱ्याला काय कळणार? आणि कळून तरी त्याला काय करायचे होते?

सनई दिसायला किती साधी! हातभर लांबीची लाकडी नळी, तिच्यावर भोकांची ओळ, खालच्या टोकाला धोतऱ्याच्या फुलासारखे उमललेले धातूचे तोंड. वरच्या टोकाला पत्ती. ही पत्ती म्हणजे सगळ्या वाद्याचा प्राण. गवताच्या दोन पातळ पात्या एकावर एक ठेवून दोऱ्याने आवळलेल्या असतात. ओठांत धरून फुंकले की त्या एकमेकींवर थरथरतात, आणि त्या थरथरीचा सूर होतो. कोरडी पत्ती बोलत नाही, तिला आधी तोंडात धरून ओली करावी लागते. फार ओली झाली तरी रुसते. म्हणून जुन्या वादकांच्या सनईला दोऱ्याने दोनचार जादा पत्त्या आणि पत्ती साफ करायची सुई लोंबकळत असते.

या वाद्याला पेटीसारखे पडदे नाहीत आणि सतारीसारखी घडीव जागा नाही. भोक अर्धे झाकायचे की पाव, ओठ किती आवळायचे, फुंक किती दाबायची, यावर कोमल ऋषभ कोमल राहायचा की नाही हे ठरते. हार्मोनियमवर बोट ठेवले की निदान सूर तरी बरोबर येतो. सनईवर सूर दरवेळी नव्याने कमवावा लागतो.

आणि सगळ्यांत अवघड म्हणजे श्वास. आमच्या गावच्या भैरोबाच्या देवळात सनई वाजवणारे एक काका आहेत. वय सत्तरीच्या पुढे. त्यांचा सूर घटका घटका तुटत नाही. लहानपणी आम्ही पोरे त्यांच्यासमोर बसून, 'आता थांबतील, मग थांबतील' अशी पैज लावायचो आणि आपलाच श्वास कोंडून हैराण व्हायचो. एकदा मी त्यांना विचारले, "काका, तुम्ही श्वास घेता तरी केव्हा?" ते हसले आणि गाल फुगवून दाखवले. गाल म्हणजे भाता. छातीतली हवा संपत आली की गालांत साठवलेली हवा बाहेर ढकलायची आणि त्याच क्षणी नाकाने नवी हवा आत ओढायची. बाहेर जाणारी धार तुटता कामा नये आणि आत येणारी कुणाला कळता कामा नये. "गुरुजी, दम चोरावा लागतो," काका म्हणाले, "आन् चोरी उघडकीला आली की सूर गेला!"

शेजारी दुसरा वादक बसलेला असतो, त्याच्या वाट्याला एकच सूर. षड्ज. संबंध मैफलभर, संबंध लग्नभर, तो एवढा एकच सूर धरून बसतो. त्याचे नाव कुणी विचारीत नाही. पण त्याने क्षणभर सूर सोडला तर मुख्य वादकाच्या पायाखालची जमीनच जाते.

या दारच्या वाद्याला ज्यांनी जगाच्या सभेत नेऊन बसवले, ते बिस्मिल्लाखाँ २१ मार्च १९१६ रोजी बिहारमधल्या डुमरावला जन्मले. वडील पैगंबरबक्षखाँ तिथल्या संस्थानिकांच्या पदरी सनईवादक होते. त्या परिसरात सोन नदीच्या काठी नरकट नावाचे बोरूसारखे गवत उगवते आणि त्याच्यापासून सनईची पत्ती करतात. म्हणजे जिथे पत्ती उगवते तिथेच वादकही जन्मला! थोरल्या भावाचे नाव शम्सुद्दीन. शम्स म्हणजे सूर्य. म्हणून धाकट्याचे ठेवले कमरुद्दीन, कमर म्हणजे चंद्र. पण आजोबांनी बाळाला पाहताच 'बिस्मिल्ला' असे उद्गार काढले आणि तेच नाव पडले, असे सांगतात. बिस्मिल्ला म्हणजे ईश्वराचे नाव घेऊन केलेला आरंभ. आपल्याकडचा श्रीगणेशाच म्हणा ना. आरंभाच्या वाद्याला आरंभाच्याच नावाचा वादक मिळाला.

सहासात वर्षांचा असताना हा मुलगा काशीला मामांकडे आला. मामा अलीबक्ष 'विलायतू' हे विश्वनाथाच्या देवळात सनई वाजवीत. या देवळाशी आपलाही ऋणानुबंध आहे. आजचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी १७८०च्या सुमारास बांधवले. पाचएक वर्षांनी, १७८५ साली, वॉरन हेस्टिंग्जच्या सांगण्यावरून देवळासमोर नौबतखाना बांधला गेला, आणि ते काम करवून घेणारा अधिकारी इब्राहीमखान नावाचा मुसलमान गृहस्थ होता. देऊळ मराठी राणीचे, हुकूम इंग्रज साहेबाचा, देखरेख मुसलमान अधिकाऱ्याची, आणि देव सगळ्यांचा. आता या मुलाच्या घरी जे घडत होते, ते या नौबतखान्याला शोभण्यासारखेच होते. मामा पाच वेळा नमाज पढत आणि विश्वनाथाच्या दारी भैरव आळवीत. दोन्हींत काही विरोध आहे, असे कुणी त्यांना सांगितलेच नव्हते. सांगितले असते तर त्यांना ते समजलेही नसते.

मुलाचा रियाज गंगेकाठच्या बालाजीच्या देवळात चाले. पहाटे घरातून निघायचे, पंचगंगा घाटाजवळच्या त्या देवळात बसायचे आणि गंगेला साक्ष ठेवून तासन् तास फुंकायचे. देवळाकडे जायच्या दोन वाटा होत्या. त्यांतली एक रसूलनबाई आणि बतूलनबाई या गायिका बहिणींच्या घरावरून जाई. मुलगा मुद्दाम त्या वाटेने जाई. माडीवरून कधी ठुमरी, कधी टप्पा, कधी दादरा खाली झिरपत असे आणि हा खाली रस्त्यात कान देऊन चाले. सुरांची गोडी आपल्याला त्या घरामुळे लागली, असे ते म्हातारपणीही मोकळ्या मनाने सांगत. मला हे फार महत्त्वाचे वाटते. दाराबाहेर वाजणाऱ्या वाद्याचा हा सम्राट गाणे शिकला तेही दाराबाहेरून. त्यांच्या सनईत चैती आणि कजरीचे बोल जणू शब्दांसकट ऐकू येतात, त्याचे मूळ त्या वाटेवर आहे.

१९३७ साली कलकत्त्याच्या अखिल भारतीय संगीत परिषदेत त्यांनी सनई वाजवली आणि जाणकारांनी कान टवकारले. सनईवर राग विस्ताराने मांडता येतो, आलापीचा ठेहराव पेलता येतो, हे सभागृहात बसलेल्या लोकांना पटू लागले. आपल्याकडेही पुण्याच्या शंकरराव गायकवाडांनी सनईला मैफलीची वाट दाखवली, आणि सोलापूरच्या जाधव घराण्याने सनईची धाकटी बहीण सुंदरी हिला जपले. पण सगळ्या देशाच्या कानांत सनई भरली ती बिस्मिल्लाखाँमुळे. १९४७च्या ऑगस्टमध्ये स्वातंत्र्य आले त्या वेळी दिल्लीला लाल किल्ल्यावर त्यांची सनई वाजली. २६ जानेवारी १९५० रोजी प्रजासत्ताकाच्या पहिल्या दिवशी तिथेच त्यांनी काफी वाजवला. लाल किल्ल्यालाही नौबतखाना आहेच. शेकडो वर्षे दुसऱ्यांच्या राजांची वर्दी देणारी सनई या वेळी प्रथमच ज्यांचे स्वागत करीत होती, त्यांत सनईवालाही एक होता!

पुढे १९५९ साली 'गूँज उठी शहनाई' हा बोलपट आला. त्याला संगीत आपल्या वसंत देसायांचे आणि सनई बिस्मिल्लाखाँची. व्हायोलिनवादक वि. गो. जोग यांच्याबरोबर, सतारीच्या विलायतखाँबरोबर त्यांच्या जुगलबंद्या रंगल्या. दाराबाहेरचे वाद्य आता सतारीच्या मांडीला मांडी लावून बसले. १९६१ ते १९८० या काळात पद्म किताबांच्या तिन्ही पायऱ्या ते चढले, आणि २००१ साली लता मंगेशकरांच्या बरोबरीने त्यांना भारतरत्न मिळाले.

इतके होऊनही त्यांनी दार सोडले नाही, हे मला या साऱ्या मानसन्मानांहून मोठे वाटते. काशीच्या गल्लीतले तेच गजबजलेले घर, तीच लुंगी, गच्चीवरची तीच खोली. परदेशात कायमचे या, असे कुणी सुचवले की ते विचारीत, तिथे गंगा कुठून आणाल? फाटकी लुंगी नेसून पाहुण्यांना भेटू नका, असे एका शिष्येने प्रेमाने म्हटल्यावर, लुंगी फाटली तर शिवता येईल, सूर तेवढा फाटका मिळू नये, असे त्यांनी उत्तर दिल्याचे सांगतात.

आणि मोहरम! त्या दिवसांत त्यांच्या घरात उत्सवाची सनई वाजत नसे. फक्त आठव्या तारखेला ते दालमंडीपासून फातमानपर्यंत पायी जात, उभ्याने नौहा वाजवीत, आणि डोळ्यांतून धारा लागलेल्या असत. आपण ज्या वाद्याला नुसते लग्नाचे समजतो, त्याच वाद्याने ते शोक करीत. खरे म्हणजे आपल्या लग्नातही सनई दोन्ही कामे करतेच की. वरात येते तेव्हा ती हसते. मुलगी सासरी निघते तेव्हा तीच सनई तेच सूर घेऊन रडते, आणि आईला वेगळे रडावे लागत नाही.

२१ ऑगस्ट २००६ रोजी वाराणसीला खाँसाहेब गेले. सरकारने एक दिवसाचा राष्ट्रीय दुखवटा पाळला, सैन्याने एकवीस तोफांची सलामी दिली. फातमानच्या दफनभूमीत, लिंबाच्या झाडाखाली, त्यांच्यासोबत एक सनईही पुरली गेली. मागे राहिलेल्या, सन्मान म्हणून मिळालेल्या चांदीच्या सनया डिसेंबर २०१६ मध्ये चोरीला गेल्या. पुढच्या महिन्यात पोलिसांच्या हाती लागली ती वितळवलेली चांदी. लाकडाच्या सनईला चोर हात लावीत नाही. वाजते मात्र तीच.

इथवरची गोष्ट कुणालाही अभिमान वाटावा अशी आहे. पण तिला एक शेपूट आहे आणि ते आपल्या दारापर्यंत येते.

खाँसाहेबांच्या तबकड्या निघाल्या, मग फिती निघाल्या, आता तर मोबाईलवर बोट ठेवले की त्यांची सनई सुरू होते. सकाळच्या रेडिओवर ती, दुकानाच्या उद्घाटनाला ती, लग्नाच्या मंडपात ती. जगातली उत्तमोत्तम सनई फुकट मिळू लागल्यावर गावच्या सनईवाल्याला सुपारी कोण देणार? ज्या माणसाने सनईला दारातून उचलून सभेत नेले, त्याचाच सूर यंत्रात बसून दाराशी परत आला आणि त्याने दारातल्या माणसाला उठवले. यात खाँसाहेबांचा काही दोष नाही. यंत्राचाही नाही म्हणा. सोय कुणाला नको असते?

तीन वर्षांपूर्वी आमच्या गावात एका सुखवस्तू घरचे लग्न होते. मंडपाच्या दोन्ही खांबांना माणसाएवढे उंच स्पीकर लावले होते आणि त्यांतून बिस्मिल्लाखाँची सनई वाहत होती. आमचे सनईवाले काका निमंत्रणावरून पाहुणे म्हणून आले होते. धुतलेले धोतर, डोक्याला फेटा. माझ्याशेजारी खुर्चीवर बसले. बराच वेळ डोळे मिटून ऐकत राहिले. बोटे मांडीवर आपोआप हलत होती.

"गुरुजी, खाँसाहेबच ना हे?"

"होय काका."

"तरीच! काय दम आहे! हा माणूस श्वास कुठं घेतो ते मलासुद्धा घावत नाही." पुन्हा थोडा वेळ ऐकले. मग पंगतीची गडबड सुरू झाली, पाने मांडली जाऊ लागली, तसे ते स्पीकरकडे बघत अगदी सहज म्हणाले, "गुरुजी, ह्यांचं पान कुठं मांडलंय?"

जवळचे लोक हसले. काकाही हसले. त्यांच्या बोलण्यात रुसवा नव्हता, हेवा तर नव्हताच. पण मला तो घास गोड लागला नाही. शेवटच्या पंगतीला का होईना, वाजंत्र्याचे एक पान असायचे. आता ज्याची सनई वाजते त्याला पान लागत नाही, आणि ज्याला पान लागते त्याची सनई वाजत नाही.

काकांचा नातू आमच्या शाळेत नववीत आहे. शाळेच्या तक्त्यात 'पालकाचा व्यवसाय' असा रकाना असतो. या मुलाने त्यात 'मजुरी' असे लिहिले होते. ते खोटे नव्हते. बाप वर्षातले दहा महिने दुसऱ्यांच्या उसात राबतो. मी म्हटले, "अरे, आजोबा सनई वाजवतात, वडीलही वाजवतात, ते का नाही लिहिलेस?" त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "सर, सनई हा काय व्यवसाय असतो का?"

मी त्या दिवशी इतिहासाचा तास बाजूला ठेवला आणि वर्गाला बिस्मिल्लाखाँची गोष्ट सांगितली. डुमराव, गंगाकाठ, माडीवरून येणारी ठुमरी, लाल किल्ला, लुंगी, सगळे सांगितले. ज्याच्या घरात बापजाद्यांपासून हेच काम चालले, त्या माणसाला देशाने सर्वांत मोठा किताब दिला, हेही सांगितले. मुले ऐकत होती. तो मात्र खिडकीबाहेर बघत होता. ऐकतो आहे की नाही, काही कळेना.

पुढच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीजवळ पोरांचा घोळका दिसला. पुढे होऊन पाहिले तर हा मुलगा बादलीपुढे उकिडवा बसला होता. तोंडात पपईच्या पानाचा पोकळ देठ, देठाचे दुसरे टोक पाण्यात. आणि पाण्यात बुडबुडे चालले होते. गाल फुगत होते, नाकपुड्या हलत होत्या, पण बुडबुडे थांबत नव्हते. भोवतालची पोरे आकडे मोजत होती. एकाहत्तर, बाहत्तर, त्र्याहत्तर. कधीकाळी आम्ही ज्याच्या आजोबांसमोर पैज लावीत होतो, त्याच्याभोवती ही पोरे पैज लावीत होती. घंटा झाली तरी मी ती दोन मिनिटे ऐकू आली नाही असेच दाखवले.

दम चोरायला तो शिकला आहे. सूर यायला अजून वर्षे जातील, आणि येईलच असे नाही. पोट सनईवर भरेल, असे तर मी त्याला कोणत्या तोंडाने सांगू? पण दिवाळी सरली की भैरोबाच्या देवळात तुळशीचे लग्न लागते. यंदा तिथे स्पीकर लावायचा नाही, असे ठरले आहे. मुलाला सारी दीड चीज येते, तेवढीच तो वाजवणार. सूर धरायला आजोबा बसणार आहेत. आयुष्यभर ज्यांच्यासाठी दुसऱ्यांनी सूर धरला, ते काका नातवासाठी एका षड्जावर रात्र काढायला आपण होऊन तयार झाले.

प्रसादाच्या पहिल्या पंगतीत त्या दोघांची पाने मांडायची, हे मात्र मी गावकऱ्यांकडून आधीच कबूल करून घेतले आहे.